पुन्हा त्याच उंबऱ्यावर

तेव्हाच्या उस्मानाबाद आणि आजच्या धाराशिव जिल्ह्यात ऑक्टोबर १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची एक फार मोठी तपासणी झाली. मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल आणि फ्रान्समधल्या ल्यों शहरातली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था या तिघांनी ती केली. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी बायका आणि गावांचे ५२ गट तिच्यात होते. या गटांची चार भागांत वाटणी केली होती. एका भागात एचपीव्ही विषाणूची चाचणी होती, दुसऱ्यात पेशींची तपासणी होती, तिसऱ्यात सौम्य ॲसेटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणी होती आणि चौथ्यात नेहमीचीच सरकारी सेवा चालू राहिली. निष्कर्ष २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. एचपीव्ही चाचणीच्या गटातल्या ३४,१२६ बायकांपैकी ३४ जणी या कर्करोगाने दगावल्या होत्या. तपासणी न झालेल्या ३१,४८८ जणींच्या गटात ६४. जगाने हे आकडे एका चाचणीचे यश म्हणून वाचले आणि ते वाचन बरोबर आहे. पण त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट फारशी कोणी उचलली नाही. बोलावलेल्या दर दहा बायकांपैकी जवळजवळ आठ जणी तपासून घ्यायला आल्या. काही दुखत नाही, काही वाहत नाही, घरी सासू विचारणार की तुला काय झालंय म्हणून, शेतात खुरपणीचा दिवस बुडणार, आणि तपासणी शरीराच्या अशा भागाची की ज्याबद्दल नवऱ्याशीही कोणी बोलत नाही. तरी त्या आल्या. त्यांना समजावून सांगणाऱ्या आरोग्यसेविका होत्या आणि नमुने घेणाऱ्या, पाहणी करणाऱ्या प्रशिक्षित प्रसूतिसेविका होत्या. या बायकांच्या हाती असलेले कसब कुठून येते, ते नर्सिंगच्या विद्यार्थिनींना शिकवता येते का, आणि या भागाच्या इतिहासात ते कधी जपले गेले व कधी हरवले, हा या लेखाचा विषय आहे.

नर्सिंगच्या शिक्षणात या कसबाला व्यक्तिकेंद्री शुश्रूषा म्हणतात. रोग, खाट क्रमांक किंवा प्रोसिजर यांच्या आधी माणूस पाहायचा. त्याचे घर, त्याची भीती, त्याला काय परवडते, त्याला काय नको आहे, हे विचारून मग शुश्रूषा ठरवायची. पाश्चात्त्य नर्सिंगमध्ये हिल्डेगार्ड पेपलॉ यांनी १९५२ साली परिचारिका आणि रुग्ण यांच्यातल्या नात्यावर पुस्तक लिहिले, टॉम किटवुड यांनी १९९७ साली स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या संदर्भात व्यक्तीचा विचार मांडला, आणि तिथून हा विचार अभ्यासक्रमांत पसरला. आपल्याकडे तो बहुधा दोन रूपांत येतो. एक तर संवादकौशल्याचा धडा म्हणून, ज्यावर टीप लिहिता येते. नाही तर ‘मुलगी मुळातच प्रेमळ हवी’ या अपेक्षेच्या रूपात. दोन्ही रूपे अपुरी आहेत असे माझे म्हणणे आहे. माणूस ओळखून शुश्रूषा करण्याचे कसब व्याख्यानातून येत नाही आणि ते जन्मजातही नसते. एकाच माणसाकडे पुन्हा पुन्हा जावे लागले, मागच्या खेपेला आपण जे सांगितले त्याचे काय झाले याला तोंड द्यावे लागले, तरच ते येते. धाराशिव आणि आसपासच्या भागात गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत शुश्रूषेच्या ज्या व्यवस्था आल्या-गेल्या, त्या या एका कसोटीवर लावून पाहिल्या की बऱ्याच गोष्टी उलगडतात.

सुरुवात सुईणीपासून करावी लागते, कारण १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात असलेल्या या भागात बहुतेक बायकांना दुसरे कोणी उपलब्धच नव्हते. सुईण त्याच घरात आईच्या बाळंतपणाला आलेली असे आणि लेकीच्याही. पहिले मूल कसे अडले होते, कोणाला रक्त फार जाते, कोणत्या घरात बाळंतिणीला पोटभर भाकरी मिळत नाही, हे तिला ठाऊक असे. पाचवीच्या पूजेला ती हजर असे आणि तिचा मोबदला धान्यात, खणात, लुगड्यात मिळे. परत जाणे हा तिच्या कामाचाच भाग होता. पण या आठवणीचे गोडवे गाणे हा त्या काळी मेलेल्या बायकांवर आणि पोरांवर अन्याय होईल. न उकळलेल्या हत्याराने नाळ कापली की धनुर्वात होतो, हे तिला कोणी शिकवले नव्हते. अडलेल्या बाळंतपणात ती हतबल होती. शिवाय हे काम बहुतेक करून गावाने ज्यांना खालचे मानले त्या जातींच्या बायकांकडे होते, कारण रक्त आणि नाळ यांचा विटाळ गावाला स्वतःवर घ्यायचा नव्हता. जिने जीव वाचवला तिला त्याच घराच्या ओट्यावर बसवत नसत. म्हणजे ओळख होती, आणि त्या ओळखीत जातही तितकीच पक्की बसलेली होती. व्यक्तिकेंद्री शुश्रूषा म्हणजे जुन्या खेड्यात जे होते तेच, असे कोणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही. सुईणीकडून एवढेच घेता येते की शुश्रूषा करणारीला परत यावे लागे आणि आपल्या कामाचा परिणाम डोळ्यांनी पाहावा लागे.

इस्पितळातली नर्सिंग मराठी मुलखात आली ती समुद्रकाठाने आणि मिशनच्या वाटेने. मुंबईचे कामा हॉस्पिटल १८८६ साली उघडले आणि १८९१ मध्ये बाई काशीबाई गणपत तिथे नर्सिंग शिकायला आल्या. भारतीय परिचारिकांच्या इतिहासात त्यांचे नाव पहिले घेतले जाते. मिरजेला डॉ. विल्यम वॉनलेस यांच्या मिशन हॉस्पिटलात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकातच परिचारिकांचे शिक्षण सुरू झाले. पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने १९११ पासून ससून हॉस्पिटलात हिंदू बायकांना नर्सिंगसाठी पाठवायला सुरुवात केली, त्यांत विधवा मोठ्या संख्येने होत्या. परक्या पुरुषाचे अंग पुसायचे, रात्रपाळी करायची, कोणत्याही जातीच्या रुग्णाला हात लावायचा, हे त्या काळी केवढे धाडस होते याची आज कल्पना येत नाही. माझ्या मते महाराष्ट्रातल्या जातिभेदाच्या भिंतीला पडलेल्या सगळ्यात जुन्या भगदाडांपैकी एक वॉर्डात पडले आहे. वॉर्डाच्या शिस्तीने कोणालाही ‘पेशंट’ केले आणि पेशंटला जात विचारायची नसते, हा नियम शिकाऊ मुलींच्या अंगी बाणवला. त्या अनोळखीपणाचे हे मोठे देणे आहे.

त्याच अनोळखीपणाची किंमतही होती. मोठा वॉर्ड, थोड्या परिचारिका, म्हणून काम माणसांप्रमाणे न वाटता कामांप्रमाणे वाटले गेले. एकीने सगळ्यांचे टेम्परेचर घ्यायचे, दुसरीने सगळ्यांची ड्रेसिंग, तिसरीने इंजेक्शने. फुकट किंवा जवळजवळ फुकट मिळणारे शिकाऊ हात या वाटणीत सहज बसले. मुलगी तीन महिन्यांत शंभर खाटा करायला शिके, पण एकाही रुग्णाला दाखल होण्यापासून घरी जाईपर्यंत ती सलग पाहत नसे. घरी गेल्यावर त्याचे काय झाले हे तर कोणालाच कळत नसे. अमेरिकेतही हीच पद्धत होती. तिच्यावर उपाय म्हणून मिनेसोटा विद्यापीठाच्या रुग्णालयात मेरी मँथी यांनी १९६९ मध्ये एका रुग्णाची जबाबदारी एकाच परिचारिकेकडे देण्याची रीत सुरू केली. मराठवाड्यात तर ही वॉर्डातली नर्सिंगसुद्धा उशिरा पोचली. निजामाच्या राज्यातल्या मोठ्या सोयी हैदराबाद शहरात होत्या. मराठवाड्यातले पहिले वैद्यकीय महाविद्यालय औरंगाबादला निघाले ते १९५६ साली. धाराशिवच्या माणसाला सोलापूर, बार्शी, पुढे लातूर याच वाटा ठाऊक.

स्वातंत्र्यानंतर गावापर्यंत जी परिचारिका पोचली ती एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका-प्रसूतिसेविका. १९४६ च्या भोर समितीने खेड्यांसाठी आरोग्यसेवेचा जो आराखडा मांडला, त्याला माणसे हवी होती, आणि १९५१ पासून दोन वर्षांचा एएनएमचा अभ्यासक्रम सुरू झाला. कल्पना सुरेख होती: सुईणीसारखी घरोघर जाणारी, पण वॉर्डातली स्वच्छता आणि शास्त्र जाणणारी बाई. व्यवहारात काय झाले? करतारसिंग समितीने १९७३ मध्ये तिला बहुउद्देशीय कार्यकर्ती ठरवले. कुटुंबनियोजन, हिवताप, लसीकरण, बाळंतपण, सगळे तिच्याकडे आले. १९७७ मध्ये तिचे शिक्षण दोन वर्षांवरून दीड वर्षावर आणले गेले. काम वाढले आणि शिकण्याचा वेळ घटला. सपाट प्रदेशात एका उपकेंद्रामागे ५,००० लोकसंख्या, आणि तिच्यावर नसबंदीच्या केसेसचे उद्दिष्ट. ही उद्दिष्टे अधिकृतपणे मागे घेतली गेली ती एप्रिल १९९६ मध्ये. तोपर्यंतच्या वर्षांत नर्सबाई दारात आली की बायका मागल्या दाराने शेतात जात, याला कारण तिचा स्वभाव नव्हता. ती परत परत येत होती, पण कोणाला काय हवे हे विचारायला नव्हे. रजिस्टरातली रिकामी घरे भरायला. परत जाणे एवढे पुरत नाही, हे एएनएमच्या इतिहासाने दाखवले. कोणाला जाब देण्यासाठी परत जायचे, यावर सगळे अवलंबून असते. तिला जाब वर द्यायचा होता.

हा धडा पहिल्यांदा स्वच्छ वाचला गेला तो भूम आणि परंड्याच्या शिवेला लागून असलेल्या जामखेडला. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली तिथे ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. त्यांची पहिली योजना आपल्याला आज शहाणपणाची वाटेल अशीच होती: गावात शिकलेली एएनएम ठेवायची. ती फसली. शहरात, इस्पितळात शिकलेल्या मुलींना परक्या गावात एकटीने राहणे अवघड गेले, आणि गावातल्या बायकांनी त्यांच्याजवळ मन मोकळे केले नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९७५ मध्ये काढलेल्या ‘हेल्थ बाय द पीपल’ या पुस्तकात आरोळे दांपत्याने हा अनुभव लपवून न ठेवता मांडला आहे. त्यानंतर गावानेच निवडलेल्या बायका पुढे आल्या. त्यांतल्या बऱ्याच निरक्षर होत्या, दलित होत्या, नवऱ्याने टाकलेल्या होत्या. त्या दर आठवड्याला जामखेडला येत, आठवडाभरात कोणाकडे काय झाले ते सांगत, त्यावरून शिकत आणि पुन्हा त्याच घरांत जात. प्रकल्पाच्या नोंदींनुसार १९७१ मध्ये हजार जन्मांमागे १७६ असलेला बालमृत्युदर १९७६ पर्यंत ५२ वर आला. १९७९ साली आरोळेंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जामखेडचे नाव जगभर गेले.

जामखेडची कहाणी नेहमी गावातल्या आरोग्यसेविकेची म्हणून सांगितली जाते, आणि ते योग्यही आहे. पण नर्सिंगच्या शिक्षणाच्या दृष्टीने तिच्यातला दुसरा धागा मला जास्त मोलाचा वाटतो. परिचारिका त्या प्रकल्पातून गेली नाही. तिचे काम बदलले. ती फिरत्या पथकाबरोबर गावात येई तेव्हा गावातली सेविका तिला सांगे की अमुक घरी तान्ह्याचे वजन वाढत नाही, कारण आईला पहाटे मजुरीला जावे लागते आणि मुलाला सांभाळायला सहा वर्षांची बहीण आहे. आता शिकलेल्या परिचारिकेला न शिकलेल्या बाईचे ऐकून घ्यावे लागत होते, आणि मग आपले शास्त्र त्या घराला बसेल असे करून द्यावे लागत होते. वजनाचा तक्ता तिच्याकडे होता; मजुरीची वेळ तिला माहीत नव्हती. व्यक्तिकेंद्री शुश्रूषा प्रत्यक्षात कशी शिकली जाते याचे याहून चांगले उदाहरण मला महाराष्ट्रात दिसत नाही. शिकवणारी रुग्णाच्या शेजारची बाई आहे, शिकणारी प्रमाणपत्रधारक परिचारिका आहे, आणि आठवड्याने दोघींना त्याच मुलाचे वजन पुन्हा करायचे आहे.

धाराशिव जिल्ह्याने हे काम स्वतःच्या भूमीत आणले ते तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला. डॉ. शशिकांत अहंकारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने १९९० च्या दशकात गावोगावच्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून तयार केले. सरकारची गावपातळीवरच्या आरोग्यसेविकांची आशा योजना राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून आली ती २००५ नंतर. अणदूरचा उपक्रम तिच्या कितीतरी आधीचा. इथेही एकट्या बायका, विधवा, परित्यक्ता पुढे आल्या. आणि हे घडत होते ते दशक या जिल्ह्यासाठी साधे नव्हते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपाने लातूर आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून जवळजवळ आठ हजार माणसे मारली. उमरगा आणि आजच्या लोहारा तालुक्यातली सास्तूरसारखी गावे उद्ध्वस्त झाली. मोडलेली हाडे इस्पितळांनी जोडली. पण टाके निघाल्यावर घरी, म्हणजे पत्र्याच्या शेडमध्ये, परतलेल्या बाईला झोप येत नाही, तिची तीन मुले गेली आहेत आणि कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झालेले आहे, हे कोणत्या वॉर्डाच्या रजिस्टरात लिहायचे? भूकंपानंतर या भागात ऑपरेशन उलटवून पुन्हा मूल व्हावे म्हणून बायका दवाखान्यांत आल्या. ज्या नर्सबाईने कधीकाळी त्यांना ‘केस’ म्हणून नेले होते तिच्यासाठी यापेक्षा कठीण धडा नसेल. आकड्यातली बाई आता नावानिशी समोर बसलेली होती.

आता या मांडणीवरचा पहिला आणि सगळ्यात वजनदार आक्षेप. माया लावून रोग सापडत नाही. उस्मानाबादच्या अभ्यासातच याचा पुरावा आहे. प्रसूतिसेविकांनी डोळ्यांनी केलेल्या पाहणीच्या गटात ३४,०७४ बायका होत्या आणि तिथे ५६ मृत्यू झाले. तपासणी न झालेल्या गटाच्या ६४ पेक्षा हे फारसे कमी म्हणता येत नाहीत. माणसाच्या नजरेपेक्षा प्रयोगशाळेतली चाचणी सरस ठरली. म्हणजे विद्यार्थिनीचा वेळ संवादावर घालवण्याऐवजी तंत्रावर घालवा, असे कोणी म्हणेल. यावर माझे उत्तर दोन टप्प्यांत आहे. चाचणी कितीही सरस असली तरी नमुना बाईच्या शरीरातून घ्यावा लागतो, आणि ती येईपर्यंत प्रयोगशाळा रिकामी असते. बार्शीच्या रुग्णालयाने १९८७ पासून बार्शी, भूम आणि परंडा या तालुक्यांत देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालवली होती. तिचे लोक गावोगाव जाऊन बोलत होते. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात दिसते की नुसत्या या जागृतीने गर्भाशयमुखाचे कर्करोग आधीच्या टप्प्यावर दाखल होऊ लागले. १९९९ च्या हाकेला बायका आल्या त्याच्यामागे ही बारा वर्षांची ये-जाही असावी. दुसरे, मुंबईच्या झोपडपट्ट्यांत १९९८ पासून हीच डोळ्यांची पाहणी दहावी शिकलेल्या आरोग्यसेविकांनी केली, पण एकदा करून थांबल्या नाहीत; दर दोन वर्षांनी, चार फेऱ्या. २०१४ च्या निष्कर्षांत तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. दोन अभ्यासांत इतरही फरक आहेत, सगळे श्रेय फेऱ्यांना देणे घाईचे होईल. पण एकदाच जाणे आणि चारदा जाणे हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही.

दुसरा आक्षेप नैतिक आहे आणि तो मला अस्वस्थ करतो. ३१,४८८ बायकांना तुलनेसाठी तपासणीविना ठेवले गेले. त्यांना माहिती दिली गेली, तपासणी दिली गेली नाही. २०१४ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये यावर कडक टीका झाली. संशोधकांचे म्हणणे होते की त्या काळी या भागात तपासणीची सोयच नव्हती, म्हणून नेहमीची सेवा म्हणजे तपासणी नसणे हेच होते. या वादाचा निवाडा करण्याची ही जागा नाही. पण नर्सिंगच्या विद्यार्थिनीला हा वाद शिकवलाच पाहिजे, आणि तो तिच्याच जिल्ह्यात घडला म्हणून जास्त शिकवला पाहिजे. उंबऱ्यावर उभ्या असलेल्या सेविकेवर गावातल्या बाईचा विश्वास बसला की तो विश्वास कोणीही वापरू शकते: उद्दिष्टे देणारे सरकार, औषध कंपनी, संशोधन संस्था. माणसाशी बोलण्याचे कसब हे मन वळवण्याचेही कसब आहे. ‘तुम्ही नको म्हणू शकता’ हे वाक्य जिला सहज म्हणता येत नाही, तिला व्यक्तिकेंद्री शुश्रूषा आली असे मी मानणार नाही. कुटुंबनियोजनाच्या शिबिरांत हे वाक्य किती वेळा उच्चारले गेले असेल, याचा विचार करून पाहावा.

तिसरा आक्षेप शिक्षकांचा आणि इन्चार्ज सिस्टरांचा असतो: जामखेड, अणदूर हे गावातल्या बायकांचे गावातल्या बायकांसाठी काम झाले, आमच्या मुली उद्या सोलापूरच्या, पुण्याच्या, आखातातल्या इस्पितळांत अनोळखी माणसांची सेवा करणार, त्यांना उंबऱ्याचा काय उपयोग? शिवाय एका पाळीत चाळीस खाटा आणि दोन सिस्टर असताना कोणाशी बोलत बसायचे? मनुष्यबळाची तक्रार शंभर टक्के खरी आहे आणि संवादाचा धडा वाढवून ती मिटणार नाही. ती पदे भरूनच मिटेल. चाळीस रुग्णांमागे दोन परिचारिका ठेवून ‘हसतमुख सेवा’ची पाटी लावणे हा परिचारिकांवरचा अन्याय आहे. पण शिकाऊ विद्यार्थिनी वॉर्डातले रिकामे हात नसतात. निदान कागदावर तरी त्या शिकण्यासाठी आलेल्या असतात. एकेकीला चाळीस जणांचे बीपी घ्यायला लावण्याऐवजी चार जण पूर्ण सोपवता येतात, दाखल झाल्यापासून घरी जाईपर्यंत, आणि घरी गेल्यावर आठ दिवसांनी फोन करून गोळ्या परवडल्या का हे विचारण्यापर्यंत. अनोळखी माणसाला ओळखण्याची सवय ओळखीच्या माणसावरच लागते. एका घराची आर्थिक ओढाताण, सासू-सुनेचे ताण, देवाधर्माचे पथ्य जिने दीड-दोन वर्षे जवळून पाहिले, ती पुण्याच्या अतिदक्षता विभागात नातेवाइकाने विचारलेल्या प्रश्नामागचा न विचारलेला प्रश्न लवकर ओळखते.

आज धाराशिवला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, जिल्ह्यात नर्सिंगच्या विद्यार्थिनी आहेत, आठही तालुक्यांत उपकेंद्रे आणि आशाताई आहेत. एएनएमचे शिक्षण पुन्हा दोन वर्षांचे झाले आहे, जीएनएमचे, म्हणजे सर्वसाधारण परिचर्या आणि प्रसूतिसेवेच्या पदविकेचे, तीन वर्षांचे आहे, बी.एस्सी. नर्सिंगचे चार. अभ्यासक्रमात समाजआरोग्याची पोस्टिंग असते, कुटुंबाची माहिती भरून फाइल जमा करायची असते. बहुधा ही पोस्टिंग काही आठवड्यांची असते आणि पुढच्या तुकडीला दुसरी घरे मिळतात. तिच्यात एवढाच बदल करता येईल: पहिल्या वर्षी दिवस गेलेल्या एका बाईचे नाव विद्यार्थिनीकडे द्यायचे आणि ते शेवटपर्यंत तिच्याकडेच ठेवायचे. राष्ट्रीय लसीकरण वेळापत्रकात गोवर-रुबेलाचा दुसरा डोस सोळा ते चोवीस महिन्यांच्या दरम्यान असतो. म्हणजे गरोदरपणाची नोंद ते हा डोस हा सगळा प्रवास जीएनएमच्या तीन वर्षांत बसतो. फाइल तपासताना ट्यूटरबाईंच्या शेजारी त्या गावातली आशाताई बसावी, आणि मुलीने काय चुकीचे समजून घेतले ते तिने सांगावे. जामखेडला हेच झाले होते. यावर शेवटची अडचण कोणी सांगेल की दिवाळीच्या आसपास ऊसतोड सुरू झाली की कळंब, भूम, वाशी, परंड्याकडची कितीतरी कुटुंबे टोळीबरोबर साखर कारखान्यांकडे जातात आणि उन्हाळ्यापर्यंत घराला कुलूप असते, मग परत कुठे जायचे? त्या कुलपापाशी गेलेली मुलगी शेजारी विचारेल की ती बाई कुठल्या कारखान्यावर गेली, किती महिन्यांची होती, लसीचे कार्ड बरोबर नेले का, आणि उचल किती घेतली. तिला मुकादमाचा फोन नंबर मिळवावा लागेल, कर्नाटकातल्या किंवा पश्चिम महाराष्ट्रातल्या एखाद्या उपकेंद्रातल्या सिस्टरशी बोलावे लागेल, आणि ते रजिस्टरात कुठल्या रकान्यात लिहायचे हे आपल्या ट्यूटरला विचारावे लागेल. आजच्या रजिस्टरात तसा रकाना नसेल, तर तो आखावा लागेल.